ऊई तेक बेंगचं पंधरावं मृत्युपत्र

मलेशियातल्या तायपिंगच्या शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला ऊई तेक बेंग माझा शेजारी. घरात काही घडलं की तो आधी मृत्युपत्र बदलायचा, मग आल्यागेल्याला चहा विचारायचा. नात झाली, बदललं. बायको गेली, बदललं. तिच्या कबरीवरचं गवत काढायला मुलगा कोक लिओंग आला नाही, तेव्हा तर त्याचं नावच उडवलं. अशी चौदा झाली. साक्षीदार दरवेळी मी.

"अरे, कपडे तरी इतक्यांदा बदलतोस का?" मी विचारायचो.

"हसू नकोस मास्तर. माणूस जातो, कागद जुना राहतो, मग घरात मारामाऱ्या!"

एकाहत्तराव्या वर्षी त्याचा जीव जडला स्वी लानवर. ती विधवा, बाजारात नारळाच्या वड्या विकायची, तोंडाची फटकळ. लग्नाला हो म्हणाली, पण अट घालून.

"तुझ्या घरातली एक वीटही मला नको. तुझी पोरगी उद्या म्हणेल, म्हातारी घरावर डोळा ठेवून आली. तसं आधी लिही."

वकील नेमका सुट्टीवर. "चौदा वेळा पाहिलंय, त्यात काय एवढं!" म्हणत तेक बेंगने घरीच टाइप केलं. सगळं मुलीला, मेइ फोंगला. मी आणि पलीकडच्या रामसामीने सह्या ठोकल्या. आठवड्याने लग्न नोंदवलं. त्या दिवशी स्वारी शीळ घालत फिरत होती.

चार महिन्यांनी झाडांना पाणी घालता घालता तो कोसळला, तो उठलाच नाही.

वकिलाने कागद वाचून चष्मा काढला. "तारीख लग्नाआधीची, आणि ठरलेल्या लग्नाचा उल्लेख कुठेच नाही. आपल्याकडे लग्न झालं की आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. म्हणजे त्यांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं असं धरायचं. बायको, मुलगा, मुलगी, तिघांना सारखे वाटे."

नऊ वर्षं बापाचं जेवणखाण सांभाळलेली मेइ फोंग पांढरीफटक पडली. क्वालालंपूरहून आलेला कोक लिओंग बुटांकडे बघत बसला. स्वी लान मात्र घरी येऊन तेक बेंगच्या फोटोसमोर उभी राहिली.

"मेल्या, एवढं एक काम सांगितलं होतं तुला!" आणि अंत्यविधीतही न रडलेली ती बाई हमसून हमसून रडली.

तिने आपला वाटा तिथल्या तिथे मेइ फोंगच्या नावे केला. कोक लिओंगने केला नाही. "मला माझं हवंय, ताई," तो म्हणाला. नऊ वर्षांत बहिणीशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आता घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात, आणि दोघांचं कशावरच जमत नाही. पंधरवड्याला तो छप्पर तपासायला म्हणून येतो. या रविवारी खिडक्यांच्या रंगावरून दोघं इतकी भांडली, की मी टीव्ही बंद करून ऐकत बसलो. मध्येच स्वी लानचा आवाज आला, "आधी जेवून घ्या रे, मग ओरडा."