तिच्या सहीचा अर्ज

गोधडी पिळली, हे आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. खाली घमेलं. त्या दुष्काळाच्या साली पाणी सांडायची सोय नव्हती. गोधडीचं गढूळ पाणीसुद्धा सारवायला ठेवायचो. सकाळची वेळ. दोन पीळ दिले आणि तिला धाप लागली. टोक तिनं सोडलं नाही. तशीच उभी राहिली आणि विचारलं,

"तो कागद आणला का?"

"उद्या जातो."

"तुमचा उद्या लई लांब हाय. पावसावानी."

मी गोधडी वलणीवर टाकली. ती भिंतीला टेकून बसली. दुपारच्या आत गेली.

कागदाचं सांगतो, नाहीतर बाकीचं कळायचं नाही.

ती सरकारी दवाखान्यात आया होती. आमचं गाव देवणीच्या अंगाला. लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झालेला. पाटी बदलली, पाणी काही आलं नाही. दवाखान्याची टाकी कोरडी, टँकर आला तर आला. पण बाळंतपण काही टँकरची वाट बघत नाही. बाई अडली की ही कमरेवर घागर घ्यायची आणि वाण्यांच्या गल्लीत निघायची. प्रत्येक घरातून एक तांब्या. दहा-बारा घरं झाली की घागर भरायची, मग चुलीवर चढवायची. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनंच पाडलेली रीत.

आम्ही बौद्ध माणसं. ती लग्न होऊन आली तेव्हा ह्याच वाण्यांच्या गल्लीत तिच्या ओंजळीत वरून पाणी पडायचं. आता त्याच घरातल्या म्हाताऱ्या दारात येऊन तिच्या घागरीत तांब्या उपडा करायच्या. एकीनं अर्धाच तांब्या ओतला तर ही म्हणली, "आज्जी, नातू बी अर्धाच पायजे का?" म्हातारी हसली, आत गेली, भरून घेऊन आली. हे मी माझ्या कानानं ऐकलंय.

आणि तिच्या काळजाची झडप आवळलेली. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन बंद, चढ बंद, नोकरी सोडली तर चांगलंच. येताना एसटीत मी म्हणलं, "सोड आता."

"टाकी भरू द्या. भरली की सोडते."

"आन् तवर मेलीस तर?"

"तर मेले. दुसरी कुणी घागर घेऊन गेली तर देतील का लोकं? पंधरा वरसं लागली मला ते दार उघडायला. माझी मी सोडीन, माझ्या टायमाला. तुमी मधी पडू नका."

मी मधी पडलो.

दुष्काळी कामावर मी खडी फोडायचो. संध्याकाळी घरी यावं तर ही उंबऱ्यावर बसलेली, ओठ निळे, पाय सुजलेले. माणूस किती दिवस बघणार? मी लातूरला गेलो, आरोग्य खात्याच्या ऑफिसाबाहेर अर्ज लिहिणारा बसायचा त्याच्याकडून कागद लिहून घेतला. आजारपणामुळे मी स्वखुशीने मुदतीआधी निवृत्त होत आहे, असा. घरी येऊन तिच्यापुढं धरला. म्हणलं, "रजेचा हाय. महिनाभर पडून राहा."

तिला वाचता येत नव्हतं. सही तेवढी येत होती. पहिल्या पगाराच्या आधी मीच पाटीवर शिकवली होती, अंगठा नको म्हणून. तिनं कागद मांडीवर घेतला, एक एक अक्षर काढलं आणि म्हणली, "बरं झालं. पंधरा दिवसच टाका, महिना कशाला?"

मी कागद लातूरच्या ऑफिसात देऊन आलो.

तिला कळलं ते दवाखान्यातल्या डॉक्टरकडून. "मावशी, आम्हाला सोडून चालला म्हणे?" ती घरी आली. तीन दिवस नुसती भाकरी वाढली. चौथ्या दिवशी म्हणली,

"अंगठा असता तर म्हणले असते, अडाणी बाईला फसवलं. तुमी सही घेतली. शिकवली बी तुमीच."

"तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी केलं, मला न सांगता. जावा, कागद माघारी आणा."

मी हो म्हणलं. आणि गेलो नाही. आज खडीचं मोजमाप, उद्या एसटी चुकली, परवा साहेब दौऱ्यावर. खोटं बोलत होतो. मनात होतं, तेवढ्यात वरून निवृत्तीचा हुकूम यावा, मग भांडण आपोआप मिटेल आणि ही घरात बसेल. तिनं ते ओळखलेलं होतं. तरी रोज विचारायची. आणि रोज कामावर जायची. ह्या दिवसात तिनं दोन बाळंतपणांचं पाणी गोळा केलं.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळच्या आत माती झाली. उदगीरहून लेक आली होती. वाण्यांच्या गल्लीतल्या बाया आल्या, दारात उभ्या राहिल्या, नंतर आत येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायात चपला घातल्या. लेक म्हणली, "बाबा, कुठं निघालाव? लोकं बसायला येतील."

"येऊ दे. लातूरला जाऊन येतो."

"आज?"

"आजच."

ऑफिसात कारकून चांगला होता. त्यानं गठ्ठा सोडून अर्ज काढला. हुकूम अजून झालेला नव्हता. मी म्हणलं, मला हा माघारी पाहिजे.

"मामा, बाईंनाच यावं लागंल. अर्ज त्यांचा, सही त्यांची."

"ती काल गेली."

त्यानं अर्ज खाली ठेवला. हळूच म्हणला, "मग राहू द्या की आता. काय फरक पडतो?"

"पडतो. तिनं नोकरी सोडलेली नव्हती. एक कोरा कागद द्या."

मी चौथी शिकलेला माणूस. त्याच्या टेबलाच्या कडेला उभा राहून लिहिलं. लिहिलं की ह्या अर्जावरची सही मी नवऱ्यानं रजेचा कागद सांगून खोटेपणानं घेतली. तिची इच्छा नव्हती. ती शेवटपर्यंत कामावर होती.

कारकुनानं वाचलं. "मामा, असं लिहू नका. तुमच्यावर येईल."

"येऊ द्या," म्हणलं, आणि खाली माझी सही केली.