डोक्यावरचं घंगाळ

मी पोचले तेव्हा अर्ध्या खाटा अंगणात होत्या. औंढ्याजवळची ही ज्येष्ठांची वसाहत. बैठ्या खोल्या, निवृत्त माणसं, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. आठवड्यापूर्वी जमिनीतून आवाज आला, भांडी खडखडली. आमच्या भागात हे अधूनमधून होतं. पण कुसुमताईंच्या भिंतीला भेग दिसली आणि सगळ्यांचाच धीर सुटला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत कितपत भक्कम आहे ते तपासणं हे माझं काम.

कुसुमताई निवृत्त शिक्षिका. थंडीत बाहेर झोपून खोकत होत्या. "पोरगा येऊन राहिला येत्या शनिवारी, मला पुण्याला न्यायला. मला जायचं न्हाई. माझ्या मैत्रिणी सगळ्या इथंच हायेत. पण आत झोपायचं म्हणलं की छातीत धडधडतं."

मॅनेजर माझ्या कानाशी लागला. "मॅडम, सगळं सेफ हाय म्हणून लिहून द्या. विषय संपला."

न बघता सही मागणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. "आधी बघू द्या," म्हटलं.

बीम आडवा, कॉलम उभा. छताचा भार हे दोघं पेलतात. भेग त्यांना असती तर मीच खोली रिकामी करायला लावली असती. थोडं प्लास्टर फोडून पाहिलं. आत विटा शाबूत होत्या. भेग नुसती प्लास्टरची.

मग वर पाहिलं. एरवी खाटेचं उसं येतं त्याच्या बरोबर वर लॉफ्ट, आणि त्याच्या अगदी कडेला पितळी घंगाळ, त्यात दोन कळश्या.

"ताई, हे काय?"

"सासूबाईंचं हाय. पोरगं म्हणलं मोडीत काढ. काहून काढू?"

"काढू नका. पण छत पडायच्या आधी हे पडेल, तुमच्या कपाळावर."

त्यांनी वर पाहिलं. "म्हंजे सासूबाई अजून टपूनच बसल्यात म्हणा की."

बाकी खोल्यांतही तेच. हंडे, पराती, लोखंडी ट्रंका. मोठा संसार छोट्या खोलीत आणलेला. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. मला वाईट वाटलं. माझ्या आईनंही हेच केलं असतं. दुपारभरात सगळं उतरवून हॉलमध्ये जमिनीवर मांडलं. कपाटं स्क्रूनं भिंतीला पक्की केली.

"आता हादरा येणार न्हाई ना?" कुसुमताईंनी विचारलं.

"येईल. तो माझ्या हातात नाही. डोक्यावर काय ठेवायचं ते तुमच्या हातात आहे."

त्यांनी स्वतःच खाट आत ओढली.

शनिवारी मी उरलेलं काम बघायला गेले, तर मुलगा आलेला. "मॅडम, आईला इथं ठेवणं बराबर आहे का?"

मी बोलायच्या आत कुसुमताईच म्हणाल्या, "तू कितव्या मजल्यावर राहतोस?"

"अकराव्या."

"अन् ती काचेची उंच शोकेस?"

"तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीतच आहे."

"भिंतीला बांधली का?"

तो चहा पिऊन एकटाच परत गेला.

घरी जाऊन त्यानं शोकेस बांधली की नाही, माहीत नाही. माझा अनुभव असा, की माणसं आईला हलवायला लगेच निघतात. कपाट कुणी बांधत नाही.