तारीख सांगणारी पुस्तकं

पुस्तकावर एवढा चिडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमचे मास्तर कोऱ्हाळे बुद्रुकच्या शाळेतून निवृत्त झालेले. दर रविवारी एसटीने बारामतीला येत आणि उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत आम्हाला दानीएल आणि प्रकटीकरण ही बायबलमधली जगाच्या अंताची पुस्तकं शिकवत. कुणी नवं पुस्तक पुढे केलं की आधी चाळत. त्यात जगाच्या अंताची तारीख सापडली की पुस्तक धाडकन टेबलावर आपटत. "जी तारीख खुद्द येशूला ठाऊक न्हवती, ती ह्या दीडशहाण्याला कुणी सांगितली?"

त्यांचं स्वतःचं सामान साधं. समासात संदर्भ दिलेलं पवित्र शास्त्र, एक शब्दसूची आणि प्रकटीकरण ज्यांना लिहिलं त्या सात मंडळ्यांच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती समाजांच्या, गावांचा हाताने काढलेला नकाशा. "ही चिठ्ठी आदी ह्या सात गावांना गेली. छळ सोसनाऱ्या त्या मानसांना काय कळलं, ते सांगनारं पुस्तक घे. ह्यातली श्वापदं तुज्या मोबाईलात शोधनारं नगं." दोन विद्वानांचं एकमेकांशी पटत नसेल, तर दोघांचंही वाचायला लावत. मला त्याचा कंटाळा यायचा.

तो कंटाळाच नडला. इंदापूरच्या एका मेळाव्यात मला रंगीत तक्त्यांचं एक पुस्तक मिळालं. मास्तरांना न दाखवता मी ते धाकट्या भावाला, फिलीपला, दिलं. त्याने लोणी भापकरचं रान उसासाठी नांगरलं होतं, सऱ्या पाडल्या होत्या; पुस्तक वाचून ते तसंच सोडून दिलं. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं आणि पुस्तकाप्रमाणे जग संपायला सव्वाच वर्ष उरलं होतं! "तोडायला कोन ऱ्हानार हाय?" तो मला शांतपणे म्हणाला. त्याची पोटुशी बायको दारात रडत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या लेखकाला चाबकाने फोडावंसं वाटलं. सगळं सांगितल्यावर मास्तर मात्र आधी माझ्यावरच उखडले. "साप घरात तू सोडलास, आन आता सापाला शिव्या देतोस व्हय?" मग बांधावर बसून त्यांनी फिलीपला अख्खं प्रकटीकरण मोठ्याने वाचून दाखवलं. घसा बसला तरी थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "काम सोडून बसा, आसं म्हनलंय का ह्यात कुठं? टिकून ऱ्हावा म्हनलंय. उसाची लागन कर." फिलीपने मान डोलावली, केलं काहीच नाही.

महिन्याभरात मास्तरांनी अंथरूण धरलं. आम्ही दोघे भेटायला गेलो, तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं. तरी भावाकडे बघून त्यांनी विचारलं, "लागन झाली?"

"झाली, मास्तर," फिलीप म्हणाला.

ते हसले. दोन दिवसांनी ते गेले.

कबरीवर माती टाकून परतताना मी भावाचा दंड धरला. "मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललास!"

त्याने हात सोडवून घेतला नाही. "व्हय, बोललो," एवढंच म्हणाला आणि थेट शेजाऱ्याच्या फडात उसाचं बेणं मागायला गेला. दिवस कलला तरी दफनाच्या पांढऱ्या कपड्यांतच तो सरीत पाणी सोडून कांड्या दाबत होता. मला त्याचा राग होता, त्या लेखकाचा होता आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा होता. तसाच चिखलात उतरलो आणि पुढची सरी धरली.