एंटरचं बटण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, हे कुणी वाचलंच तर माफ करावं.

मुरबाडच्या खताच्या दुकानात मी झाडू मारायची. तिथे कॉम्प्युटरवर बिलं करणारे एक काका होते. त्यांच्याशी बोलायचा मला कधी धीर झाला नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, पडद्याकडे न बघता ते बिल करायचे. एका वस्तूचा आकडा टाकला की एंटर, मग पुढची वस्तू.

पुढे नवा प्रोग्राम आला. त्यात एंटर दाबलं की बिल तिथेच पुरं व्हायचं. दुसरी गोणी बिलात यायचीच नाही, गिऱ्हाईक मात्र दोन्ही घेऊन जायचं. तूट मालकांनी काकांच्या पगारातून कापली.

"सवय बदला की, काका," प्रोग्राम बसवणारा म्हणाला.

"मी कवाच बदलली, साहेब. बोटांना कोन सांगनार? ती माझं ऐकत नाय."

मालक हसले. मला हसू आलं नाही. नव्या घरात कडी डावीकडे आहे, तरी माझा हात उजवीकडेच जातो.

मग काका तापाने घरी राहिले आणि मालक स्वतः बिलाला बसले. त्यांचंही बोट सवयीने एंटरवरच गेलं आणि संध्याकाळी त्यांच्याही हिशोबात तूट आली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एंटर पहिल्यासारखं करून घेतलं, आणि काका कामावर आले तेव्हा कापलेले सगळे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.