शेकरू पाहायला गेलो आणि गणपतीलाही तिकीट लागलं

आत्याचा काचबिंदू तपासून डॉक्टर म्हणाले, "पाहायचं राहिलंय ते लवकर पाहून घ्या." मला वाटलं, आता ही काशी म्हणेल. म्हणाली, "शेकरू." रोह्यापलीकडच्या अभयारण्यात ही मोठी खार असते, असं तिने पेपरात वाचलं होतं. त्याच शनिवारी निघालो.

पेणहून सकाळची एसटी धरा, नागोठण्यावरून रोह्याला सोडते. स्टँडजवळ मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. जंगलाच्या गेटपर्यंत मिनीडोर, म्हणजे आमच्याकडची शेअरची तीनचाकी. तिला वेळापत्रक नाही, नऊ माणसं भरली की सुटते. आम्ही आठ होतो. तासभर नुसते बसलो. जंगलात फिरवणारी गाडी शेवटची फेरी तीनला मारते, त्यामुळे माझा जीव टांगणीला.

नववी जागा तशी रिकामीही नव्हती. शेजारचे काका मांडीवर माघी गणपती घेऊन ऐसपैस बसले होते. मूर्ती पेणची, तोंडावर रुमाल. एकदा उचलली की घरच्या पाटावरच टेकवायची, ही त्यांच्या घरची रीत.

"देव धरत नाय काय रे नववा?" आत्याने ड्रायव्हरला विचारलं.

"देव भाडं देतो काय?"

"देतो," काका म्हणाले. गाडी सुटली.

गेटवर दुसरा नियम. सहा माणसांशिवाय गाडी आत जात नाही. आम्ही दोघी आणि रोह्याजवळच्या वरश्याचं एक जोडपं, झाले चार. पावणेतीन वाजलेले. आत्या मिनीडोरमधून पुढच्या गावी चाललेल्या काकांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही पण चला. स्थापना उद्या हाय ना?" आणि काका खरंच उतरले की हो, मूर्तीसकट.

पहारेकऱ्याने मुंडकी मोजली, पावतीपुस्तक उघडलं आणि गणपतीकडे बघत गंभीरपणे विचारलं, "ह्यांना मोठ्यात धरू का लहानात?"

"अर्धं लावा," वरश्याचे गृहस्थ म्हणाले. "अजून प्राणप्रतिष्ठा व्हायची हाय."

आतला रस्ता म्हणजे नुसते गचके. काकांच्या हातांना रग लागली. "ताई, दोन मिन्टं धरता?" धरली. मुकुट थेट माझ्या कपाळापर्यंत. नेमका तेव्हाच ड्रायव्हरने ब्रेक मारला, "वर बघा, ऐनाच्या झाडावर." सगळ्यांच्या माना वर. मला दिसला फक्त रुमाल. मूर्ती ठेवता येईना, मान काढता येईना. काकांनी परत घेईपर्यंत झाड रिकामं झालं होतं. मला रडूच आलं. आत्याला बोट करून दाखवायलाही मी नव्हते.

परतीला गेटसमोर हात केला की एसटी थांबते. काका प्रसादाला बोलावून पुढे गेले. आत्या पेणपर्यंत खिडकीशी बसली. विचारायची माझी हिंमत होईना.

घरी चहा ठेवला आणि विचारलंच. "आत्या, दिसलं का गं?"

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग मीट डोळे, गो."

मिटले.

"पाठ चिंचोक्याच्या रंगाची. पोट सायीसारखं. शेपूट अंगापेक्षा लांब, फांदीवरून खाली सोडलेलं. दोन्ही हातांत फळ धरून खात होतं. मधेच थांबलं, आपल्या गाडीकडे बघितलं..."

मी डोळे उघडायला गेले.

"मिटलेलेच ठेव," आत्या म्हणाली. "अजून संपलं नाय."