राजूर घाटातलं ओलं चाक

देवाच्या बाबतीत मी आयुष्यभर सावध राहिलो, आणि ही सावधगिरी चारचौघांत मिरवायलाही मला आवडायचं. जुनी गाडी विकत घेतली तेव्हा बायकोने तिला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. "एअरबॅगा नाहीत या गाडीत, तेव्हा लिंबं बरी," असं मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. सगळे हसले. ती हसली नाही.

महिन्याभरात ब्रेकचा लाल दिवा लागू लागला. ओळखीच्या मिस्त्रीने टाकीत ब्रेक ऑइल भरलं, दिवा गेला. आठ दिवसांनी परत लागला. पुन्हा ऑइल, पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या वेळी वैतागून त्याने टाकीच्या झाकणावरची, दिव्याच्या वायरची पिनच काढून टाकली. "सेन्सर खराब हाये सर. जुन्या गाडीत चालते असं. आता नाई लागत थो दिवा, बिनधास्त फिरवा."

पुजाऱ्यांना पुरावा मागणाऱ्या मी त्या मिस्त्रीला एक प्रश्न विचारला नाही. ऑइल जातं कुठे, एवढंच विचारायचं होतं. घरी सांगितलं, गाडी दुरुस्त झाली.

त्यानंतर खरी भीती सुरू झाली. दिवा लागत होता तोवर तिला एक जागा होती. आता ती गाडीभर पसरली. रोज सकाळी मी ब्रेक दाबून पाहायचो. पॅडल कालच्यापेक्षा जरा खोल गेल्यासारखं वाटायचं, मग भास असेल असं वाटायचं. दुसऱ्या मिस्त्रीकडे जावं तर घरी खोटं बोललो हे उघडं पडणार. असे पंधरा दिवस गेले.

मग मुलीला सासरी पाठवण्याचा दिवस आला. बाळंतपणासाठी ती आमच्याकडे बुलडाण्याला आली होती. दुपारची रेल्वे नांदुऱ्याहून होती. शेजारी बायको, मागे मुलगी आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांची माझी नात. गाव सुटायच्या आत चौकात ब्रेक दाबला तेव्हा पॅडल फारच खाली गेलं. पुढे घाट होता. वळून परत जावं, खरं सांगावं, असं मनात येत राहिलं आणि गाडी पुढे जात राहिली.

"बाबा, काऊन एवढे चूप बसले?" मुलीने विचारलं.

"रस्ता पाहतो आहे," मी म्हणालो.

घाटाच्या माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. उतरणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, नारळ फोडतात आणि त्याचं पाणी चारही चाकांवर शिंपडतात. मी कधी थांबत नसे. हॉर्न वाजवून निघून जायचो. त्या दिवशी बायको म्हणाली, "थांबा न जरा. लेकरू पहिल्यांदा घाट उतरून राह्यलं." खरं तर मला कुणीतरी थांबवायलाच हवं होतं. पॅडल तळाला टेकलं, मी हँडब्रेक ओढला, आणि गाडी नारळाच्या टपरीच्या हातभर अलीकडे कशीबशी उभी राहिली.

टपरीवरच्या म्हातारीने नारळ फोडला. पुढची दोन चाकं शिंपडून ती मागे गेली आणि तिथेच वाकून राहिली.

"साहेब, हे चाक त आधीच ओलं हाये." तिने बोट लावून हुंगलं. "बिरेकचं तेल होय. माया नवरा टरकावर होता, मले वास माहीत हाये."

मी बायकोला सगळं सांगितलं.

"किती दिवसांपासून माहीत होतं तुमाले?"

"पंधरा."

"अन् लेकरू बसवलं त्यात." एवढंच बोलून तिने नातीला उचललं आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हातारी मात्र माझ्याकडे पाहत होती. "व्हायचं होतं थे झालं नाई न? मंग आता काऊन भेता? यष्टी येईल, थेबी नारळासाठी इथंच थांबते. बसून जा."

मी देवळात गेलो. याचा उलगडा मलाही करता येतो: ऑइल गळतच होतं, आणि रोज चाकांवर वाकणाऱ्या बाईला ते दिसणारच होतं. मी वाद घालत नाही. पण हात जोडले गेले, आणि कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी देवीला सांगितली, की मला फार भीती वाटते आहे. मागितलं काहीच नाही. शरण जाणं म्हणजे भीती नसल्याचं सोंग सोडणं, इतपतच मला त्या दिवशी कळलं, आणि त्यासाठी मी त्या देवीचा आणि त्या म्हातारीचा ऋणी आहे.

गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीत बसलो. चालकाच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. बायकोने नातीला माझ्या मांडीवर दिलं. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय खालच्या पत्र्यावर आपोआप दाबला जात होता. पाचसहा वळणांनंतर तो थांबला. मी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उरलेला घाट डोळे मिटून उतरलो.