डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन

ती घटना मी पुष्कळांना सांगितली, पण पुरती कुणालाच सांगितली नाही. गुन्हा उघडकीस आला होता, मुद्देमाल सापडला होता, कुणी केलं तेही कळलं होतं. तरी फाईल बंद करताना मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

तेव्हा माझी नेमणूक सेलूला होती. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते. तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई ठाण्यात आल्या. अंगावर इस्त्रीचं सुती पातळ, हातात छत्री. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, आमच्या गाडीचं इंजिन चोरीला गेलं."

"आणि गाडी?"

"गाडी हाय ना शेडमधी. इंजिन तेवढं नेलंय."

ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसला. मलाही गंमत वाटली. बॅटरी जाते, टायर जातात, डिझेल तर कायमच जातं. पण आख्खं इंजिन काढून बॉनेट पुन्हा नीट लावून जाणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

बाईंचे यजमान डॉक्टर होते. त्यांनी फार पूर्वी हैदराबादच्या कुणा जहागीरदाराकडून जुनी अमेरिकन बनावटीची गाडी घेतली होती. तीत बसून ते वालूर, झरी आणि आडवाटेच्या गावांना रोगी तपासायला जात. डॉक्टर वारल्यावर गाडी बाईंच्या नावावर झाली आणि शेडमध्ये उभी राहिली. बाई अधूनमधून शेड उघडून ती पुसून काढत.

"मला ती एकदा चालू करून वालूरपर्यंत जायचंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर गेल्यापासून ती बोललीच न्हाई. एकदा तिचा तो हळू घुमणारा आवाज ऐकला की मग जाऊ द्या कुठं बी."

गुन्हा नोंदवून मी घटनास्थळाचा पंचनामा केला. शेडचं कुलूप शाबूत होतं. छताच्या लोखंडी गर्डरवर साखळी घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं ते इंजिन, लांबीला चांगलं ऐसपैस आणि वजनाला अवघड. ते काढायला चेनपुली हवी, माणसं हवीत, न्यायला टेम्पो हवा, आणि मुख्य म्हणजे निवांतपणा हवा. चोराला निवांतपणा कुठला? कुलूप शाबूत असलं की पोलिसानं आधी चावी कुणाकुणाकडे आहे ते विचारावं, हा माझा शिरस्ता.

"चावी एकच हाय, माझ्यापाशी," बाई म्हणाल्या.

"मुलगा आहे ना तुम्हाला? त्याच्याकडे दुसरी?"

"तो पुण्याला असतो. त्याला काय करायचंय इंजिन?" एवढं बोलून त्यांनी चहा टाकायला उठायचं निमित्त केलं. मी ते मनात टिपून ठेवलं.

भंगार गोळा करणारा माझा एक खबऱ्या होता. त्यानं काही दिवसांनी बातमी आणली. "साहेब, परभणीत एका गॅरेजात लय लांबलचक इंजिन आलंय. सहा भोकं हायत, सगळी एका वळीत. मिस्त्री त्याला नवं करायलाय."

मी पथक घेऊन गेलो. इंजिन स्टँडवर चढवलेलं होतं, ब्लॉकला ताजा हिरवा रंग. मिस्त्री पन्नाशीचा, शांत माणूस. हैदराबादच्या एका हौशी गृहस्थानं ते मिस्त्रीमार्फत आपल्या त्याच बनावटीच्या गाडीसाठी घेतलं होतं आणि त्याला ते हायवेवर पळवायचं होतं. म्हणून सहाही सिलिंडरची भोकं कापून रुंद करून मोठे पिस्टन घालायचे होते, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसायचे होते, आणि ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन यायचं होतं. मला त्यात रस नव्हता. मी इंजिन नंबर शोधत होतो. ब्लॉकच्या वरच्या कडेला नंबर ठोकलेला असायला हवा, ती जागा आरशासारखी गुळगुळीत होती.

घासलेला नंबर दिसला की पोलिसाला आणखी काही लागत नाही. मी इंजिन जप्त करून तिथंच ठेवलं आणि मिस्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"नंबर का घासला?"

"घासला न्हाई, साहेब. ब्लॉकची वरची बैठक वाकली होती. मशीनवर लावून वरचा पापुद्रा काढावा लागला. नंबर त्या पापुद्र्यातच होता, तो बी गेला."

ज्या कारखान्यात ते काम झालं त्याच्या मालकाला मी वेगळं बसवून विचारलं. त्यानंही तेच सांगितलं, पण आपल्या शब्दांत. दोन माणसं एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगतात तेव्हा ती पढवलेली असते. ही तशी नव्हती.

"इंजिन आणलं कुणी?" मी मिस्त्रीला विचारलं.

तो म्हणाला, "डॉक्टरसाहेबांच्या पोरानं. बाई लग्नाला गावाला गेल्या होत्या. दुसरी चावी त्याच्यापाशी होती. मीच चेनपुली घेऊन गेलो, दिवसाढवळ्या. मला काय ठाऊक बाईंना इचारलं न्हाई म्हणून?"

मुलाला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. चाळिशीचा, नोकरदार, घाबरलेला. त्याच्यावर आवाज चढवायची वेळच आली नाही.

"आई त्या गाडीपायी इथं एकटी राहते," तो म्हणाला. "चक्कर येऊन पडली, शेजाऱ्यांनी उचललं. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, गाडीजवळ कोण राहील? मला वाटलं, इंजिनच नसलं तर ती आशा सोडेल आणि माझ्यासंगं येईल. ती पोलिसात जाईल असं स्वप्नातबी वाटलं न्हाई, साहेब."

माझ्याही घरी म्हातारी आई होती. पण गुन्हा नोंदलेला होता. गाडी बाईंच्या नावावर, इंजिन त्यांच्या संमतीवाचून नेलं. कायद्यात त्याला चोरीच म्हणतात.

आता प्रश्न इंजिनाची ओळख पटवण्याचा होता. मोटार वाहन निरीक्षक येऊन पाहून गेले. बनावट तीच, पण नंबरावाचून हेच ते इंजिन असं लिहून देता येणार नाही, म्हणाले. म्हणून मी बाईंच्या घरी जाऊन एखादी खूण आठवते का विचारलं. मुलाचं नाव काढलं नाही. तपास चालू असताना काढायचं नसतं.

बाई एकदम खुलल्या. "खूण? अहो, माझं ताट हाय त्यात! झरीच्या वाटेवर एकदा इंजिनचं पाण्याचं बूच सडून उडालं. तसलं बूच इथं मिळंना. डॉक्टरांनी माझ्या माहेरचं पितळी ताट नेलं आन तांबटाकडून त्याची चकती कापून त्या भोकात ठोकून बसवली. नेमकी वडिलांच्या नावाची बाजू कापली. मी लय भांडले. डॉक्टर म्हणाले, सासरे आता जन्मभर माझ्यासंगं फिरतील."

त्या हसता हसता डोळे पुसू लागल्या. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. तिच्यामुळे माझा तपास तडीस जाणार होता, आणि मी खूश झालो होतो, हे कबूल करायला हवं. त्यांचा पुरवणी जबाब ओळख पंचनाम्याच्या दिवशीच घ्यायचा ठरवला.

त्या दिवशी गॅरेजात दोन पंच, मी, लेखनिक आणि मिस्त्री. मुलाला मी बाहेर जीपमध्ये बसवलं होतं. बाई आल्या, इंजिन पाहून लगबगीनं पुढे झाल्या. बुचांची रांग होती, सगळ्यांवर हिरवा रंग. त्यांनी न चुकता एका बुचापाशी बोट नेलं आणि नखानं रंग खरवडला. खाली पितळ निघालं आणि त्यावर कोरलेली अर्धवट अक्षरं.

त्याच वेळी मिस्त्री हात जोडून म्हणाला, "बाई, मी चोर न्हाई. तुमच्या पोरानंच दिलंय हे. बाहेर बसलाय, इचारा त्याला."

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. जीपमधून मुलगा खाली मान घालून बसलेला दिसत होता. त्या माझ्याजवळ आल्या आणि मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "आमचं हाय म्हटलं तर त्याला धराल?"

"धरावं लागेल," मी म्हणालो.

त्या परत इंजिनापाशी गेल्या. पंचांनी विचारलं, हे इंजिन तुमचं आहे का?

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आमचं न्हाई हे. असल्या नावाची भांडी मायंदाळ असतात."

लेखनिकानं माझ्याकडे पाहिलं. मी लिही म्हणालो. नंबर नाही, फिर्यादीची ओळख नाही, पोलिसापुढची कबुली चालत नाही, मग न्यायालयात काय उभं राहणार? गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा अहवाल गेला. इंजिन न्यायालयाच्या आदेशानं मिस्त्रीला परत मिळालं.

मला वाटलं होतं, निदान मायलेक तरी जवळ येतील. तसं झालं नाही. बाई सेलूतच राहिल्या. मुलगा पैसे पाठवायचा, फोन करायचा, पण समोर यायचा नाही. मी अट्टल चोरांना फिर्यादीच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेलं पाहिलंय. या माणसाला आईसमोर उभं राहवेना. कधी वाटतं, खबऱ्यानं ती बातमी आणलीच नसती तर बरं झालं असतं. चोर कोण ते न कळता बाई हळहळल्या असत्या, आणि दिवाळीला मुलगा घरी आला असता. त्यानंतर कुलूप न तोडता झालेल्या चोरीची फिर्याद आली की मी आधी चहा मागवायचो आणि विचारायचो, नेणारा घरातलाच निघाला तर काय कराल? काहीजण विचार करून येतो म्हणून उठून जायचे. मी त्यांना जाऊ द्यायचो.

पुढे एकदा कामानिमित्त परभणीला गेलो असताना गॅरेजवरून गेलो. इंजिन तयार झालं होतं, मिस्त्री स्टँडवरच चालवून बघत होता. मी मोबाईलवरून बाईंना फोन लावला, म्हटलं, एवढं ऐका, आणि मोबाईल इंजिनाजवळ धरला. मिस्त्रीनं रेस वाढवली. दोन कार्बोरेटरचा तो जोरकस घोगरा आवाज गॅरेजभर झाला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी खोटं बोलले होते. पण आता खरंच ती आमची न्हाई."